शेअर्ड फोल्डरला कुलूप लावलं तेव्हा...

सोमवारची सकाळ. जालन्यातलं आमचं बियाण्यांचं ऑफिस, खरीप तोंडावर आलेलं... आणि उगवण चाचणीची फाइल गायब! सलग तिसऱ्या सोमवारी!

पंचवीसेक वर्षं झाली असतील. चारच कॉम्प्युटर, नुकतेच नेटवर्कने जोडलेले. एक शेअर्ड फोल्डर, कुणीही यावं, काहीही करावं... धर्मशाळाच म्हणा ना.

आळ आला सलीमभाईंवर. लॅबमधला जुना माणूस, चाचण्या तेच टाइप करायचे. "मॅडम, मी बराबर सेव्ह करून गेल्तो हो," एवढंच मला म्हणाले. मॅनेजरने बजावलं, पुन्हा फाइल गेली तर दुसरी नोकरी बघा. मला तर रडूच आलं.

मी तिथली ऑपरेटर. नेटवर्कचं ज्ञान म्हणाल तर अंबडहून येताना एसटीत वाचलेलं एक पुस्तक! तरी हिय्या केला. फोल्डर सगळ्यांना फक्त वाचण्यापुरतं ठेवलं. बदलायचा, पुसायचा अधिकार मला आणि सलीमभाईंना.

मॅनेजर भडकलेच... ज्याच्यावर संशय, त्यालाच किल्ली? मी म्हटलं, फाइल गेली तर मीपण घरी बसते. बोलून तर गेले, पण तो आठवडा कसा काढला ते माझं मलाच ठाऊक.

पुढच्या सोमवारी केबिनमधून मालकांची हाक आली. सत्तरीचे, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. कॉम्प्युटर नव्यानेच शिकलेले.

"अगं पोरी, हा बिघडला काय? झाडझूड होऊन न्हाई राह्यली!"

"कसली झाडझूड, काका?"

"दर सोमवारी पूजा झाली की टेबल आवरतो, मंग ह्यातलंबी मागच्या आठवड्याचं काढून टाकतो. आज म्हणतंय परवानगी न्हाई. माझ्याच ऑफिसात!"

मी आणि माझ्यामागून आत आलेले मॅनेजर एकमेकांकडे बघतच राहिलो... मग भीत भीत सगळं सांगितलं. काकांनी कपाळावर हात मारला. तडक लॅबमध्ये गेले आणि सलीमभाईंचे दोन्ही हात धरले.

"माफ करा भाई. सफाई मी करून राह्यलो, अन् बोलणी तुम्ही खाल्ली."

सलीमभाईंचे डोळे भरले, पण हसून म्हणाले, "काका, सफाई मात्र बिलकुल पक्की करता!" अख्खं ऑफिस खो खो हसत सुटलं. मॅनेजरसुद्धा!

मी विचारलं, काका, तुमच्यापुरतं कुलूप काढू का? तर म्हणाले, "न्हाई गं बाई, माझाच मला भरोसा न्हाई!"

सलीमभाई पुढे त्याच ऑफिसातून मानाने रिटायर झाले. मी नंतर मोठमोठ्या ऑफिसांत नेटवर्क सांभाळलं... पण आपली चूक सगळ्यांसमोर हसत कबूल करणारा असा मालक पुन्हा भेटला नाही. काका, खूप खूप आभार!