वाळूत ओतलेला पेला

गावी मला घुम्या म्हणायचे. वेल्ह्याकडच्या वाडीतून भोरला कॉलेजात आलो, तेव्हा तो घुम्याही माझ्याबरोबर एसटीनं आला. वर्गात नाव पुकारलं तरी घशातून आवाज निघत नसे. त्यामुळे संध्याकाळी नीरा नदीच्या काठी बसणाऱ्या कॉलेजातल्या चौघांनी मला जागा दिली, तेव्हा हातभट्टीला नाही म्हणायचं धाडस कुठून आणणार? दारूबंदीचे दिवस. बाटली पिशवीत भाजीखाली लपून यायची आणि ज्यानं त्यानं आपला पेला भरायचा.

दोन घोट गेले की मी सुटायचो. प्राध्यापकांच्या नकला करायचो. हशा पिकायचा. खोलीवर परतताना वाटायचं, खरा मी हाच; दिवसभर वर्गात बसतो तो कुणी भलताच.

मग कावीळ झाली. गावी आईनं महिनाभर ताकभातावर ठेवलं. आता थेंबही नको, असं डॉक्टरांनी बजावलं. मला धास्ती वेगळीच होती. पीत नाही म्हटल्यावर त्या काठावर मला कोण बसू देणार? म्हणून परतल्यावर पेला भरायचो, ओठांना लावायचो आणि हळूच वाळूत ओतायचो. नकला काही जमेनात. शुद्धीत ऐकताना कळलं, तिथं सगळेच एकदम बोलत होते, ऐकत कुणीच नव्हतं. आज विचारतील, उद्या विचारतील, म्हणून जीव टांगणीला लागलेला. कुणी विचारलं नाही.

परीक्षा संपली त्या संध्याकाळी राहवलं नाही. मी कधीच सोडलीय, असं सांगून टाकलं.

चौघांतला किकवीचा मित्र माझ्याकडे वळला. तो चेष्टा करत नव्हता.

"तू पीत व्हतास व्हय? आमाला वाटलं, तू नुस्ता येऊन बसतुस."

मी नकलांची आठवण करून दिली. ती कुणालाच नव्हती. म्हणजे तो धीट, बोलका माणूस माझ्याशिवाय कुणी पाहिलाच नव्हता. इतकं एकटं मला काविळीच्या अंथरुणावरही वाटलं नव्हतं.

त्याला माझी कीव आली असावी. माझा पेला उचलून त्यानं वाळू पुसली, काठोकाठ भरला आणि माझ्यापुढं धरला.

"घे. आज आमच्यासंगं."

माझ्यासाठी म्हणून तिथं कुणी पेला भरल्याची ती पहिलीच वेळ. मी तो पिऊन टाकला.