कूलरच्या मागचे गठ्ठे

मला माहीत होतं. एवढंच लिहून ठेवायचं आहे. ती मुलगी चार वेळा आली आणि चारही वेळा मला माहीत होतं की तिला हवं ते कुठे आहे.

मी वाचनालयात झाडलोट करते आणि वाचकांनी टेबलावर सोडलेली पुस्तकं परत जागेवर लावते. शिकले चौथीपर्यंत. पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा कळतो, नाव जुळवून वाचता येतं, या कामाला तेवढं पुरतं. सतरा वर्षं पुरलं. माझा जास्त वेळ संदर्भ विभागात जातो. तिथली पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचावी लागतात. वाचकाने चिठ्ठीवर मागणी लिहायची, खाली फोन नंबर टाकायचा, साहेब कॉम्प्युटरमध्ये बघतात, आकडा सांगतात आणि मी काढून आणते. साहेब माणूस वाईट नाहीत. पण कॉम्प्युटरमध्ये जे नाही ते त्यांच्या लेखी जगातच नाही.

ती कन्हानहून बसने यायची. पीएच.डी. करत होती, विड्या वळणाऱ्या बायकांवर. तिला एका जुन्या साप्ताहिकाची एका वर्षाची फाइल हवी होती.

"गहाळ आहे," साहेब म्हणाले.

"सर, पण एका पुस्तकात खाली लिहिलंय, ही फाइल इथेच पाहिली म्हणून."

"पूर्वी असेल."

"एकदा आत पाहता का?"

"आत काय पाहू? गहाळ आहे म्हणून तर गहाळ लिहिलंय."

मी शेजारच्या कपाटापाशी उभी होते, हातात फडकं. आधीचे साहेब असताना हॉलला रंग द्यायचा होता, तेव्हा त्या साप्ताहिकाचे गठ्ठे मीच उचलून मागच्या खोलीत नेले होते. उन्हाळा संपला की कूलर ठेवतात ती खोली. रंग झाला, बाकी सगळं परत आलं, हे गठ्ठे कूलरच्या मागे राहिले. मग वर्षाची मोजणी आली. मोजणीवाले हॉलमध्ये फिरले, मागच्या खोलीला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला आणि मी नणंदेच्या घरी लग्नाला. परत आले तोवर हे गठ्ठे गहाळ लिहून यादीवर सह्या झाल्या होत्या. आत्ताच्या साहेबांचीही होती. तेव्हा एका वाक्यात सांगता आलं असतं. पण साहेबांसमोर मी विचारल्याशिवाय बोलत नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले, आणि जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड झालं.

दुसऱ्यांदा ती तिच्या कॉलेजच्या मॅडमचं पत्र घेऊन आली. साहेबांनी पत्र पूर्ण वाचलं, फाइलला लावलं आणि तेच उत्तर दिलं. त्या दिवशी ती बराच वेळ बसली. दुसरीच कसली तरी पुस्तकं मागवली आणि न उघडता ठेवून गेली. ती मीच परत लावली.

तिसऱ्यांदा ती नळावर बाटली भरायला आली, मी फडकी धूत होते.

"मावशी, तुम्ही लय वर्षांपासून आहात ना इथं?"

मी मान हलवली.

"माही आजी विड्या वळे. ती सांगते, बायकांची मोठी सभा झाली होती अन् ती त्या सभेत उभी राहून बोलली होती. पेपरात नाव आलं होतं म्हणते. घरात कोणी खरं मानत नाही. माझे काका तर म्हणतात, म्हातारी गोष्टी जोडून राहिली. मॅडम म्हणतात, छापलेलं पान दाखव, तर तो भाग ठेवू. नाही तर काढून टाक." मग तिने आजीचं नाव सांगितलं.

माझी आईही विड्या वळायची. पानं कापायला हात कमी पडायचे म्हणून माझी शाळा चौथीत सुटली. हे मी तिला सांगितलं नाही. पण तोंडातून निघून गेलं, "मागच्या खोलीत आहे. कूलरच्या मागं."

ती तशीच आत पळाली. बाटली नळाखालीच राहिली. थांब म्हणायला हवं होतं. मी आधी काढून ठेवते, मग ये, असं सांगायला हवं होतं. मला ते सुचेपर्यंत आतून साहेबांची हाक आली.

"बाई, इकडे या. ही म्हणते, गठ्ठे मागच्या खोलीत आहेत असं तुम्ही सांगितलं?"

काउंटरवरचे बाबू हसले. "बाई बोलल्या? सतरा वर्षांत आमच्याशी धड नाही बोलल्या, अन् हिच्याशी बोलल्या? मोठी भाग्याची आहेस पोरी."

वाचणारे सगळे माना वर करून बघायला लागले. साहेबांचा हात त्या यादीच्या रजिस्टरवर होता. मी म्हटलं, "मले काही माहीत नाही साहेब. तिथं रद्दी आहे."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने बॅग उचलली आणि गेली. मी नळ बंद केला. तिची बाटली दोन दिवस खिडकीत ठेवली, मग कोणीतरी नेली.

चौथ्यांदा ती फाइल मागायला आलीच नव्हती. तिला साहेबांकडून लेखी हवं होतं की फाइल उपलब्ध नाही. ते साहेबांनी लगेच दिलं. शिक्क्याचं पॅड माझ्याकडून मागून घेतलं, शिक्का मारला आणि वर वाचकांच्या अभिप्रायाचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. वरून मागवलेत म्हणे, महिन्याला पंचवीस भरून पाठवायचे.

"यात काय लिहू सर?"

"जे वाटतं ते लिही. समाधानकारक लिहिलं की झालं."

तिने समाधानकारक लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं.

त्यानंतर पंधरा दिवस मी त्या खोलीत कारण नसताना जात राहिले. एका दुपारी दार लावून गठ्ठे सोडले. कागद हात लावला की कडेने तुटत होता. एकेक पान बघत गेले, अक्षर बारीक, मला वेळ लागतो. तीन दुपारी गेल्या. सभेची बातमी सापडली. बोलणाऱ्या बायकांची नावं होती आणि त्यात तिच्या आजीचं नाव तिसरं होतं. बोट ठेवून दोनदा वाचलं.

आमच्याकडे रोज बंद करताना टेबलावर जे काही असेल त्याचा आकडा मी वाचून दाखवते आणि बाबू रजिस्टरमध्ये लिहितात. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तो गठ्ठा उचलून कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी बाकीच्यांसारखाच त्याचाही आकडा वाचला.

"हे कुठून आलं वं बाई?"

"टेबलावर होतं."

"कोण वाचून राहिलं होतं?"

"मले काय माहीत."

बाबूंनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी धूळ झटकली, आकडा बघितला, पहिलं पान उलटलं. मी भिंतीला टेकून उभी. साहेब म्हणाले, "मिळालं म्हणून टाका," आणि घरी जायला स्कूटरची किल्ली शोधायला लागले. एवढंच. कोणी ओरडलं नाही, कोणी चौकशी केली नाही. गहाळ कापून वर मिळाले लिहिलं आणि बाबूंनी रजिस्टर मिटलं. यासाठी मी त्या पोरीला परत पाठवलं होतं. मला साहेबांचा राग आला, बाबूंचा आला, आणि सगळ्यात जास्त कोणाचा आला ते लिहायला नको.

दुसऱ्या दिवशी तारेला ओवलेल्या चिठ्ठ्यांमधून तिची चिठ्ठी काढली आणि नंबर लावला. आयुष्यात मी कोणाला स्वतःहून असा फोन केला नव्हता.

"मी वाचनालयातून बोलते. झाडणारी. तुमची फाइल आहे. या."

"मावशी, सोमवारी जमा केलं मी. तो भाग काढला. साहेबांचं पत्र जोडलं."

"आता टाकता नाही येत?"

"बाइंडिंग होऊन गेलं मावशी." मग विचारलं, "आजीचं नाव आहे का त्यात?"

"आहे. तिसरं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी कोणालातरी हाक मारली.

"काकाले दाखवायला फोटो काढायला येईन," ती म्हणाली. "पण मावशी, तुम्ही तेव्हा काहून नाही बोलल्या?"

मी म्हटलं, टेबलं पुसायची आहेत, आणि फोन ठेवला. टेबलं सकाळीच पुसून झाली होती.