बाळंतिणीची खोली

त्या काळात आमच्या धाड गावात अळिंबी कोणी लावत नसे. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ तेवढे लावत, न्हाणीशेजारच्या अंधाऱ्या खोलीत, ओल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, वाफ्यावर. ते नेहमी दबक्या आवाजात बोलत, जणू भिंतीपलीकडे कोणी निजलं आहे. पहिली खुडणी झाली की उरलेली देठं ते बोटांनी अलगद काढत, दाराला ओलं गोणपाट लावत आणि दुसरा बहर येईपर्यंत कोणाला आत जाऊ देत नसत.

एकदा मी गोणपाट सारून डोकावलो. वाफा पांढुरका, निपचित पडलेला.

"हे तं मेलं वाटते," मी म्हणालो.

"मेलं नाही भाऊ, बाळंतीण हाय ते. आत्ताच मोकळी झाली. तिले वारा नको, गडबड नको. निस्ता आराम पाह्यजे."

इतक्या मायेनं बोलणारा माणूस मी कमीच पाहिला होता.

तेवढ्यात त्यांची सून वाफ्यावर शिंपडायला पाण्याची बादली घेऊन आली. तिच्या दुसऱ्या मुलाचं बारसं नुकतंच झालं होतं; कानाला फडकं घट्ट बांधलेलं होतं. तिनं बादली दारात टेकवली, तशी कडी वाजली.

"हळू ठेव वं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "अन् अजून एक आण."