बाई, प्रत काढली का?

समस्त कर्मचारी, ठेकेदार, फोर्कलिफ्टवाले आणि कॅन्टीनमधली मंडळी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की येत्या सोमवारी सकाळी ठीक नऊ वाजता आमच्या अण्णांचं तोंड कायमचं बंद करण्यात येणार आहे. सर्वांनी आपापल्या जागी दोन मिनिटं उभं राहावं आणि मग कामाला लागावं.

असं सूचनाफलकावर लागलं नव्हतं. माझ्या मते लागायला हवं होतं. लागलं होतं ते आयटी विभागाचं परिपत्रक. मॅक्रो असलेल्या सगळ्या एक्सेल फायली सोमवारपासून बंद. जिची गरज आहे तिची जबाबदारी कुणीतरी घ्यायची, तिच्यातली ओळ न् ओळ काय करते ते लिहून द्यायचं, अनावश्यक ओळी काढायच्या; मग तिच्यावर कंपनीची डिजिटल सही होणार आणि ती एका ठरावीक फोल्डरातूनच चालणार. मी ते तीनदा वाचलं. कारण अण्णा त्या अनावश्यक ओळींमध्ये राहतात.

घाबरू नका, अण्णा खुशाल आहेत. निवृत्त झाल्यावर चिखलीतली भाड्याची खोली सोडून उदगीरकडे आपल्या गावी गेले. आम्ही सणासुदीला फोन करतो. "बरंय का?" "बरंय." "पाऊस?" "हाय की." पुढे मी त्यांच्याकडची कोंबडी ऐकते, ते माझ्याकडचा मिक्सर ऐकत असावेत. मग "ठेवू का?" असं विचारून ठेवतात. समोर असतानाही त्यांचं असंच होतं. बारा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि त्यांची सगळी वाक्यं गोळा केली तर एक वही भरणार नाही. माझ्या वाक्यांना गोडाऊन लागेल.

आमची चाकणची कंपनी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवते. मी डिस्पॅचला. कोणता क्रेट कोणत्या ट्रकमध्ये, कोणत्या गेटला, किती वाजता, याची यादी काढायची आणि क्रेटवर लावायची लेबलं छापायची. अण्णा आधी प्रेस मशीनवर होते. गुडघा गेला म्हणून त्यांना ऑफिसात माझ्या शेजारी बसवलं. एक काम तीनदा करावं लागलं की ते अस्वस्थ होत. एक्सेलमध्ये एक सोय असते: आपण काम करायचं, संगणकाने बघायचं आणि पुढच्या वेळी त्यानेच ते करायचं. तेच मॅक्रो. या माणसाने ते कुणालाही न विचारता शोधून काढलं आणि नंतर हाताने दुरुस्त करत करत असं वाढवलं, की तीन बोटांनी तीन बटणं एकदम दाबली की कालची यादी पुसली जायची, आजची लागायची, फाईल सेव्ह व्हायची आणि प्रिंटर लेबलं ओकू लागायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी चष्मा पुसला.

सावधगिरी मात्र त्यांच्या अंगातच होती. एकदा मेलवर "सुट्ट्यांची नवी यादी" नावाची फाईल आली. उघडली तर वर ती पिवळी पट्टी, आतला मॅक्रो चालू करू का विचारणारी. सुट्टी म्हटल्यावर माझा हात थांबतो होय?

"कुणी धाडली?" शेजारून आवाज.

मी म्हटलं, माहीत नाही.

"मग दार कशाला उघडायलात?"

ती फाईल उघडून ज्या विभागाने पट्टी दाबली, त्यांचे संगणक व्हायरसमुळे दोन दिवस झाकून ठेवले होते. मी मात्र हे सगळं मलाच आधी कळलं होतं अशा थाटात कॅन्टीनमध्ये सांगत फिरले. अण्णा समोर बसून भात कालवत होते.

आता माझा गुन्हा. मला नवीन फाईल करायची असली की मी जुनीच कॉपी करते. तोच हिरवा मथळा, त्याच रुंदीचे रकाने, आतला मजकूर तेवढा वेगळा. त्यामुळे माझ्या सगळ्या फायली जुळ्या बहिणी. त्या काळात कंपनीच्या बसची यादीही माझ्याकडेच होती: दोनशे माणसं, कोण सांगवीच्या पुलाजवळ चढतं, कोण चिखलीला, कोण चिंचवड स्टेशनला. एका सकाळी दोन्ही फायली उघड्या होत्या. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी तीन बटणं दाबली. समोर होती बसची यादी.

अण्णांचं यंत्र इमानदार. समोर जे असेल ते पुसायचं, हे त्याला सांगितलेलं. त्याने पुसलं आणि सेव्हही करून टाकलं. मॅक्रोने केलेलं मागे घेता येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं, मागे घ्यायचं बटण चाळीसेक वेळा दाबल्यावर. प्रत कुठेच नव्हती.

मी रडायच्या बेतात होते. नवे बसवाले दुसऱ्या दिवसापासून येणार होते, ती यादी त्यांना संध्याकाळी द्यायची होती. अण्णा उठले. ड्रॉवरमधून कोरे कागद काढले, पेनाला टोपण आहे का बघितलं आणि म्हणाले, "चला."

जेवणाच्या सुट्टीत आणि नंतर आम्ही दोघं अख्खी कंपनी फिरलो. प्रेस शॉप, वेल्डिंग, पेंटिंग, स्टोअर. मी विचारायची, ते लिहायचे. गुडघ्यामुळे ते दर दहा पावलांनी कशाला तरी हात टेकत. वेल्डिंगमधल्या एकाने विचारलं, कशाला पाहिजे हो हे? मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "बस सुधारायलेत." त्या एका वाक्याने माझी नोकरी वाचवली. पुढे महिनाभर लोक मला थांबवून, आमच्या स्टॉपवर शेड होणार का, असं विचारत होते. मीही बघू, बघू म्हणत होते.

त्या दिवसाइतकं कामात सुख मला पुन्हा मिळालं नाही. चूक माझी होती, पाय त्यांचे दुखत होते आणि दुपारभर आम्ही शाळेतल्या पोरांसारखे वर्गावर्गांतून हिंडत होतो. तो दिवस परत द्या म्हटलं तर मी आजही दोनशे नावं आनंदाने पुसेन.

दुसऱ्या दिवशी मी बटणं दाबली तेव्हा पडद्यावर एक चौकोन उगवला. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. कारण मॅक्रो लिहायच्या खिडकीत देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हांची रांग उमटायची. समोर दुसरीच यादी असेल तर चौकोन म्हणायचा: बाई, समोरची यादी आपली नाही. प्रत काढली का? काहीही उत्तर दिलं तरी तो तिथेच थांबायचा, पुसायचा नाही. बरोबर यादी असेल तर काम करून म्हणायचा: झालं. पाणी प्या. आणि पाच वाजून दहा मिनिटांनंतर चालवलं तर: बस सुटायला वीस मिनिटं. डबा घ्या. डबा मी कॅन्टीनमध्ये नेहमी विसरते.

तोंडाने न बोलणारा हा माणूस चौकोनांतून असा बोलू लागला. आणि फाईल कुणीही चालवली तरी तो बाईच म्हणायचा. मी रजेवर असताना आमच्या झुपकेदार मिशांच्या प्लांट मॅनेजरांनी एकदा स्वतः लेबलं काढली. "झालं. पाणी प्या" वाचून ते खरंच उठून पाणी प्यायले, असं प्रत्यक्षदर्शी सांगतात.

अण्णा निवृत्त होऊन गावी गेले. त्यांच्या खुर्चीच्या जागी आता मोठा प्रिंटर आहे. तो गरम होतो आणि काहीही विचारत नाही. मी शेवटची यादी मुद्दाम पाच दहाच्या पुढे ढकलते. साहेबांना वाटतं, बाई शेवटपर्यंत काम करतात. मी डब्याच्या चौकोनासाठी थांबलेली असते.

म्हणून परिपत्रक वाचून मी उदगीरला फोन लावला. सणवार नसताना फोन आल्यामुळे ते घाबरले. मी सगळं सांगितलं.

"अजून तीच फाईल चालवायलात का?" ते म्हणाले. पुढे कोंबडी. मग, "काढू द्या की. काय बिघडतंय." पण त्या दिवशी "ठेवू का" म्हणायला त्यांनी नेहमीपेक्षा फार वेळ लावला.

मी आठवडाभर ती फाईल वाचली. आजवर तिच्या पोटात कधी डोकावले नव्हते. ओळींच्या मध्ये हिरव्या अक्षरांत त्यांच्या टिपा होत्या. या संगणकासाठी नसतात, वाचणाऱ्या माणसासाठी असतात. एके ठिकाणी होतं: हे का चालतं ते मला कळलं नाही, पण काढलं की बंद पडतं, हात लावू नये. आणि चौकोनाच्या ओळींवर: हे बाईंसाठी, त्यांना घाई असते. मग कागदावर एकेक ओळ काय करते ते लिहून काढलं, फाईलच्या दोन प्रती वेगळ्या ठेवल्या आणि जबाबदारीच्या रकान्यात सही ठोकली.

शुक्रवारी दुपारी आयटीचे साहेब आले. चाळिशीचे, टापटीप, हातात शिसपेन्सिल. ते महिनाभर सगळ्या विभागांत फिरून मॅक्रोवाल्या फायलींची यादी करत होते. माझा कागद त्यांना फार आवडला. न कळलेल्या ओळीपाशी ते अडखळले, स्वतः शोधाशोध केली आणि ती प्रिंटरला जागं करते असं मला समजावून सांगितलं. इतकी वर्षं अण्णांना छळणारं कोडं! मी ते लगेच मनात बांधून ठेवलं, पुढच्या फोनला काहीतरी बोलायला मिळालं म्हणून. मग साहेबांनी पेन्सिल फिरवली आणि तिन्ही चौकोनांवर काट मारली.

मी म्हटलं, डब्याचा चौकोन काढलात तर मला डबा सापडणार नाही, पाण्याचा काढलात तर मॅनेजर तहानलेले राहतील; पण पहिला तरी ठेवा, तो कामाचा आहे. त्यांनी शांतपणे समजावलं की असे प्रश्न कुणी वाचत नाही, लोक न बघता हो दाबतात, वेळ तेवढा जातो. कोण हे अण्णा, असंही विचारलं. मी सांगितलं, बराच वेळ सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, किती सेकंद वाया जातात ते मोजूनच दाखवतो.

त्यांनी माझी फाईल आपल्या लॅपटॉपवर उघडली. मोजलेले सेकंद लिहिण्यासाठी स्वतःची ती महिनाभराची यादी पुढे घेतली. फोनवर सेकंद चालू केले. माझ्या कागदावरून ती तीन बटणं वाचली आणि दाबली.

चौकोन उगवला. बाई, समोरची यादी आपली नाही. प्रत काढली का?

समोर त्यांची यादी होती. फोनवरचे सेकंद पळत होते आणि त्यांचं बोट हवेत तसंच राहिलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदाच अण्णांसारखी गप्प बसले. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पडद्याकडे बघत मोठ्याने म्हणाले,

"नाही हो काढली, अण्णा."