साइडकारमधून उमापूर, आणि येताना तिसरा प्रवासी

माझ्या हातानं बनवलेल्या वस्तू: दोन कडबाकुट्टी यंत्रं, मारुतीच्या देवळाचं फाटक, घरचा झोपाळा, बायकोसाठी शेवयांचं मशीन, आणि मोटारसायकलला जोडलेली ही साइडकार. मी आयटीआयचं तोंड पाहिलेलं नाही. पाइप मी वाकवला, वेल्डिंग मी केलं, चाक जुन्या स्कूटरचं. तुम्हालाही करायची असेल तर परवानगीचे कागद आधी करून घ्या.

तिचा पहिला लांबचा प्रवास लेकीसोबत झाला. ऋतुजाचा बारावीचा निकाल चांगला लागला, आणि त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलानं तिला कळवलं की आता आपण बोलायचं नाही. दोघं मिळून पुण्याला शिकायला जायचं ठरवत होती, हे मला बायकोनं सांगितलं. पोरगी नीट जेवेना. प्रवेशाचा अर्ज भरेना, आणि मुदत तर संपत आलेली. मी म्हटलं, चल, दोन दिवस परळीबाहेर पडू.

"पप्पा, मी त्यात बसणार? लोक हसतील."

"हसू दे की. फुकट तर हसतायत."

उजाडताना निघालो. सिरसाळ्यात चहाला थांबलो तर टपरीवरचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणतो, "बे, ही रिक्षा हाय का फटफटी?"

दुसरा म्हणाला, "रिक्षाच हाय. पैसे संपले म्हणून अर्ध्यावर ठिवली."

ऋतुजा चहा सांडेपर्यंत हसली. मला राग आला होता, पण तिच्याकडे बघून गिळला.

पुढे तेलगाव, वडवणी, बीड. रस्ता झकास! साइडकारवाल्यांनी एकच लक्षात ठेवावं: डावं वळण हळू घ्यायचं, नाहीतर बाजूचं चाक हवेत उचललं जातं. बीडला कंकालेश्वर पाहिलं. चहूबाजूंनी पाणी, मधोमध काळ्या दगडाचं देऊळ. भर मे महिन्यात आत गारवा. मी ऋतुजाला दगडांचे सांधे दाखवत होतो, ती मोबाइल बघत होती. लॉज आठशे रुपये. जेवण माणशी एकशे तीस: ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा. तिनं अर्धी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी गेवराईवरून उमापूर. गावाबाहेर नांगरलेल्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. इकडे पेरणीआधी धनगरांना बोलावून कळप रानात बसवतात. लेंड्यांचं खत रानाला, धान्य धनगरांना. आम्ही बघायला थांबलो आणि समोरच एक मेंढी व्याली. धनगरीणबाई, कौसाबाई, पलीकडच्या टोकाला पाणी आणायला गेलेल्या. पिल्लू ओलं, चिकट. मला गबाळ्या कामाची चीड. डिकीतलं फडकं काढलं आणि पिल्लू असं लख्ख पुसलं की काय सांगू!

कौसाबाई घागर टाकून पळत आल्या. "कावून पुसलं, भाऊ?"

"ओलं होतं ना."

"ते आईनं चाटायचं असतंय. तुमी त्याची आई हाव का? पेट्रोलचा वास मारतंय ते!"

फडकं कार्बोरेटर पुसायचं होतं. मेंढीनं पिल्लू हुंगलं आणि डोक्यानं ढकलून दिलं.

कौसाबाईंनी पिल्लाच्या अंगाला मीठ चोळलं, म्हणजे मेंढी चाटेल. ऋतुजानं मेंढीला धरलं. मेंढीनं जरा चाटलं, हुंगलं, पुन्हा ढकललं. पुन्हा पिल्लू पुढे केलं, पुन्हा धडक. ऋतुजा आता रडत होती. "आणखी एकदा, मावशी."

"लई येळा झालं, बाई. न्हाई म्हणती ती. तिच्या मागं लागून काय मिळतंय? ह्याला भूक हाय, ह्याचं बघ."

ऋतुजानं डोळे पुसले. मेंढी धरूनच ठेवली, पण पिल्लू पुन्हा पुढे केलं नाही. कौसाबाईंनी त्याच मेंढीचा चीक पिळला, निपल लावलेल्या बाटलीत भरला, आणि ऋतुजानं पिल्लाला मांडीवर घेतलं. काय ओढत होतं ते!

"आमी उद्या पुढं जानार," कौसाबाई म्हणाल्या. "चालत्या कळपात बाटलीचं पिल्लू टिकत न्हाई. वास तुमी लावला, तुमीच न्या."

"पप्पा, साइडकारमध्ये आम्ही दोघं मावू," ऋतुजा म्हणाली.

परतताना पिल्लाला पाजायला दर थोड्या वेळानं थांबायचं. दूध मागायला आता तीच पुढे, अनोळखी वस्तीवरसुद्धा. गेवराईच्या धाब्यावर तिनं दोन भाकरी संपवल्या आणि एकदम म्हणाली, "पप्पा, मी त्याला रोज मेसेज टाकत होते. आता नाही टाकणार." मी तिसरी भाकरी मागवली. मग म्हणाली, "पुणं त्यालाच पाहिजे होतं. मला काय पाहिजे, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. मलापण नाही."

घरी आल्यावर तिनं पशुवैद्यक पदविकेचा अर्ज भरला. आता होस्टेलवर असते, फोनवर आधी कोकराची चौकशी, मग माझी. अजून कधीतरी तिचा आवाज उतरतो, ते मला कळतं. पण जेवते.

आणि कोकरू आता चांगला दांडगा मेंढा झालाय. परवा एक व्यापारी दारात आला, त्याची पाठ चाचपून म्हणाला, "बोला, मालक." मी सांगितलं, मालकीण शिकायला गेलीय आणि हा विकायचा नाही. तो अकरा हजार देत होता.