शोधनिबंधातलं चौथं नाव

माझा एक शोधनिबंध जगभर इतका हिंडलाय की त्याला पाय असते तर चपलांचे सात जोड झिजले असते. ब्राझीलमध्ये त्याचा दाखला देतात, फिनलंडमध्ये देतात, आणि जिथं सहा-सहा महिने सूर्य तोंड दाखवत नाही अशा कुठल्याशा विद्यापीठातही देतात. मी स्वतः मात्र हैदराबादच्या पुढं गेलेलो नाही, आणि तिथंही लग्नालाच. एकानं आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा दाखला दिला की त्याला आमच्या धंद्यात सायटेशन म्हणतात. ज्याची सायटेशन जास्त, तो माणूस मोठा. त्या मापानं मी हत्तीएवढा भरतो. पण इतक्या वर्षांत मला एकाच माणसाचं सायटेशन हवं होतं, आणि त्याचं तेवढं सोडून बाकी साऱ्या दुनियेची आली.

तो माणूस चारठाण्याचा. परभणीच्या बाहेर, मागं ज्वारी आणि पुढं खडीचे ढीग, अशा एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सॉफ्टवेअर शिकवतो, आणि तो तिथं तासिका तत्त्वावर होता. तासिका तत्त्वावर म्हणजे तास चालू आहे तोवर माणूस, घंटा झाली की अदृश्य. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पोरांसमोर मला सर म्हणायचा आणि पोरं गेली की दादा.

आमच्या प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर असे, की त्यांचे पंखे सुरू झाले की बाहेर थांबलेल्या लोकांना जिंतूरची एसटी आली असं वाटून ते पिशव्या उचलायचे. एका उन्हाळ्यात आमच्या शिपायाच्या बायकोनं त्यांच्या गरम वाऱ्यावर दोन किलो कुरडया वाळवल्या. खोटं वाटत असेल तर कुरडया खाल्लेले लोक अजून जिवंत आहेत. असल्या यंत्रांवर आम्ही संशोधन करत होतो. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली की जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवून बघाव्या लागतात, कुठं काही मोडलं तर नाही ना म्हणून. आमच्या चाचण्यांना सहा तास लागायचे आणि लाइट अडीच तासांत जायची. रोज अर्ध्यातच अंधार.

एके दिवशी लाइट गेली, आम्ही डबे उघडले. त्याच्या डब्यात भाकरी आणि असा ठेचा, की नुसत्या वासानं माझा चष्मा धुरकटला. खाता खाता तो म्हणाला, "दादा, वर्गात काच फुटली तर मास्तर आधी कोणाकडं बघतो?"

"जो मागच्या वेळी सापडला त्याच्याकडं."

"मग चाचण्या आपण हजेरीच्या नंबरानं कामून लावायलाव? जी मागं बोंबलली ती आधी लावा. जी कधीच बोंबलली न्हाई तिला म्हणा बस गं माय, लाइट आल्यावर बघू."

झालं. हाच तो शोध. परदेशी विद्वान आता त्यावर लिहितात, 'मर्यादित साधनांच्या परिस्थितीचा मूलगामी विचार'. कसला मूलगामी अन् कसलं काय, विजेचं वेळापत्रक होतं ते.

प्रोग्राम त्यानं लिहिला. आकडे त्यानं काढले. मी इंग्रजी लिहिलं आणि स्वल्पविराम टाकले, ते मी जरा जास्तच टाकतो. मग लेखकांची नावं लिहायची वेळ आली, आणि तिथं माझ्यातला पालमचा छापखाना जागा झाला.

पालमला माझ्या चुलत्याचा छापखाना होता आणि माझी सगळी जवानी लग्नपत्रिका तपासण्यात गेली. पत्रिकेतल्या नावांचा क्रम म्हणजे घटनेपेक्षा कडक. वर थोरले, मग मानाचे पाहुणे, मग भाऊबंद. ज्यानं उन्हातान्हात मांडव घातला, आचारी ठरवला, पाणी भरलं, त्याचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, तेही जागा उरली तर. मी त्याच हातानं निबंधावर नावं लिहिली. पहिले प्राचार्य, त्यांचा विषय सिमेंट काँक्रीट. दुसरे विभागप्रमुख, त्यांना आमचा विषय सांगितला की जांभई यायची. तिसरा मी. चौथा तो.

आणि हे करणारा मी कोण? पत्रिकेत नाव दोन ओळी खाली गेलं म्हणून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या दारचं पाणी सोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलेलं. एकानं तर छापखान्यात येऊन चुलत्याला विचारलं होतं, "मी मेलो का काय?" तरी मी केलं. वरच्यांची मर्जी राहील, पुढं त्याला कायम करायला उपयोग होईल, असं मी स्वतःला पटवलं. खरं सांगायचं तर तिसऱ्या जागेवरून खाली सरकायला माझाच जीव होत नव्हता.

त्याला कागद दाखवला. म्हणालो, "चौथं असलं तरी नाव हाय ना रे."

"व्हय दादा. हाय की." एवढंच बोलला. ते सत्र संपलं आणि तो गेला. मला न भेटता, वॉचमनकडं प्रयोगशाळेची किल्ली देऊन.

नंतर कळलं, तो शिष्यवृत्तीवर परदेशी गेला, पीएचडी झाला, तिकडंच शिकवायला लागला. इकडं निबंध वाढत सुटला. पण दाखला देताना लोक फक्त पहिलं नाव लिहितात, पुढं 'आणि इतर'. त्यामुळं सगळ्या जगात तो निबंध आमच्या प्राचार्यांचा. परदेशातून त्यांना शंका विचारणारी पत्रं यायची, आणि ते त्यावर 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असा शेरा मारून माझ्याकडं पाठवायचे. निवृत्तीला त्यांना शाल मिळाली ती या निबंधाबद्दलच.

चारठाण्याच्याचे निबंध मी सगळे वाचले. लोक सुरुवातीपासून वाचतात, मी शेवटून वाचतो. शेवटी ज्यांचे दाखले दिलेत त्यांची यादी असते. त्यात आमचं नाव शोधायचं. कधीच नाही. आमचा दाखला देणाऱ्यांचे दाखले तो द्यायचा. म्हणजे गावात यायचं, शेजारच्या ओसरीवर चहा प्यायचा आणि आपल्या दारावरून मान खाली घालून जायचं. मला राग येत नव्हता. त्याच्या विद्यापीठाच्या पानावर त्याचा फोटो होता, त्यात दरवर्षी केस थोडे कमी दिसायचे, आणि मला वाटायचं, ह्याला तिकडं डोक्याला तेल लावायला कोण सांगत असेल?

मग त्याचा एक नवा निबंध आला. त्यात त्यानं लिहिलं होतं, की ही कल्पना प्रथम मांडली ती अमुक एका फिनलंडच्या बाईंनी. त्या बाईंनी ती आमच्याकडूनच घेतलेली, तसं त्यांनी लिहिलेलंही आहे. त्याला ते माहीत होतं. स्वतःची कल्पना त्यानं परक्या बाईच्या ओटीत टाकली, पण 'आणि इतर'मध्ये उभं राहणं कबूल केलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि मी जेवलो नाही हे आमच्या गल्लीत अजून सांगतात.

मी त्या नियतकालिकाला लिहिलं, नावांचा क्रम चुकलाय, उलटा करायचाय. संपादकांचं उत्तर आलं, चारही लेखकांची सही आणा.

विभागप्रमुख नांदेडला मुलीकडं असतात. त्यांनी काय आहे हे न वाचताच सही दिली. प्राचार्य मात्र चष्मा पुसत बसले. "म्हणजे माझं नाव खाली?"

"शेवटी, सर."

आतून त्यांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "करा की सही. तुमाला त्यातलं एक तरी अक्षर कळतंय का?"

प्राचार्यांनी सही केली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "शाल परत द्यावी लागते का?"

चारठाण्याच्याला मी चार पानी पत्र लिहिलं, मग सगळं पुसून फक्त फॉर्म पाठवला. अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"दादा, हे काय करायलाव तुमी?"

आवाज तोच. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो, कशासाठी ते मलाच कळलं नाही. "दुरुस्ती करायलोय."

"आता? मला कायबी गरज न्हाई त्याची."

"तुला न्हाई. मला हाय."

तो म्हणाला, "छापून आलं तवा मी मायला दाखवाय नेलं होतं. तिला वाचता येत न्हवतं. म्हणली, ह्यातलं तुझं कोणतं? मी बोट ठेवलं. म्हणली, लय खाली हाय रे लेकरा. माय गेली दोन वर्षांखाली. आता वर चढवून दाखवू कोणाला?"

एरवी मी मुक्याशीही गप्पा मारतो. त्या वेळी टेबलावरचा फॉर्म सरळ करत राहिलो.

"सही पाठवतो," तो म्हणाला.

"इकडं कधी येतोस?"

"बघू." फोन ठेवला.

सही आली. सोबत ओळ नाही, नमस्कार नाही. महिनाभरानं निबंधाचं पान बदललं, त्याचं नाव पहिलं. आधी छापलेले दाखले काही बदलत नाहीत, ते प्राचार्यांच्याच नावानं राहणार. मी ते पान छापून घेतलं आणि जिंतूरवरून चारठाण्याला गेलो.

त्याचे वडील जुन्या देवळाजवळच्या पारावर बसले होते. मी कोण ते सांगितलं, कागद दिला. त्यांनी तो लांब धरून, मग जवळ धरून पाहिला, लेकाच्या नावावरून बोट फिरवलं आणि घडी घालून खिशात ठेवला.

"त्याला सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग येतो म्हणला का?"

"बघू म्हणला."

म्हाताऱ्यानं थोडं सरकून पारावर मला जागा केली. "मलाबी तेच म्हणतो," ते म्हणाले.