आबांच्या नावाचा नायक

माझ्या प्रेमनाटकात कथा नव्हती, हे मला सोडून सगळ्या कुंभार पिंपळगावाला ठाऊक होतं. मला मात्र आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तोंडून एकदा तरी 'शाबास' ऐकायचं होतं. माझ्या लिखाणावर त्यांचं आजवर एकच मत, "कागद खराब करून राह्यला!" गेल्या गणपतीत त्यांच्याकडून शाबासकी घ्यायचीच, असा मी चंग बांधला.

कथा अशी. अंबडच्या स्टँडवर बसच्या एकाच सीटवर दोघांचे रुमाल पडतात. (खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा आपल्याकडचा कायदाच!) आधी भांडण, मग प्रेम. शेवटी नायक रुसून बसकडे निघतो, नायिका त्याला नावानं हाक मारते, तो वळतो, पडदा! आबा खूश व्हावेत म्हणून नायकाला मी त्यांचंच नाव दिलं, दिगंबर. नायक अर्थातच मी.

प्रयोगाच्या दिवशी नायिकेचं काम करणाऱ्या शाळेतल्या बाईंचा घसा बसला. पण मी कसला हटतोय! तालमी ऐकून ऐकून माझ्या बायकोला सगळे संवाद पाठ झाले होते.

"सुमन, तूच उभी राहा!"

"मी? आवं, पण ते नाव..."

"नाव होईल तुझं! जल्दी साडी बदल!"

आणि काय काम केलं हो तिनं! रुमालावरून अशी भांडली की समोरच्या बायका "बराबर हाय!" म्हणून ओरडल्या. (सराव घरचाच.) मग शेवटचा प्रवेश आला. मी बसकडे निघालो. मागून हाक येईना. आतून कुणीतरी कुजबुजलं, "वहिनी, दिगंबर म्हणा, दिगंबर!"

पहिल्याच रांगेत आबा बसले होते. सुमननं डोक्यावर पदर घेतला. सून सासऱ्याचं नाव घेत नसते, हा उजेड माझ्या डोक्यात तेव्हा पडला.

"आवं... आबांच्या नावाचे! थांबा की!"

मंडपात हशा उसळला. तरी मी वळलो नाही. नाव ऐकल्याशिवाय नायक वळत नाही, असं मीच लिहिलं होतं ना! कंडक्टर झालेला बंडू घंटी वाजवून वाजवून थकला.

"वळ ना राजा," तो हळूच म्हणाला.

"न्हाई! लिहिलंय तसंच होईल!"

सुमनच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. (ते संतापाचं होतं, हे घरी गेल्यावर कळलं.) शेवटी आबा उठले. "सूनबाई, घे नाव. माझी परवानगी हाय."

"न्हाई आबा, मला बिलकुल न्हाई जमायचं!"

मग आबा काठी टेकत थेट स्टेजवर चढले आणि कडाडले, "ए दिगंबर! मागं बघ की बहिऱ्या! पोरगी कवाची रडून राह्यली!"

मी गर्रकन वळलो. आबांनी सीटवरचे दोन्ही रुमाल उचलले, स्वतः तिथं बसले आणि म्हणाले, "आता ही जागा माझी. ओढा पडदा!" शिट्ट्या थांबेनात. हे सगळं नाटकातलंच आहे, असं लोकांना वाटलं.

घरी जाताना मी धीर करून विचारलं, "आबा, कसं झालं?"

"सूनबाईचं काम एक नंबर. शाबास! मीबी बरा होतो."

"आन् गोष्ट?"

"कोण्ती गोष्ट?"

यंदा मंडळानं सुमनला आणि आबांना आग्रहानं पुन्हा नाटकात घेतलंय. मीही हटलेलो नाही. पडदा मीच ओढणार आहे. त्याला कथा लागत नाही!